चार्जर एक, फोन अनेक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नव्या फोनच्या खोक्यातून चार्जर नाहीसा झाल्यापासून या सदराकडे त्याविषयीची पत्रे वाढू लागली आहेत. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ च्या वेळी चार्जर देणे थांबवले, २०२१ च्या आरंभी सॅमसंगने गॅलेक्सी एस२१ सोबत तीच वाट धरली, आणि जी वस्तू आजवर फुकट पदरात पडत होती ती आता पारखून विकत घेण्याची वेळ घरोघरी आली आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. घरात माझा सॅमसंगचा फोन, मुलीचा आयफोन, यजमानांचा साधा अँड्रॉइड फोन, सासूबाईंचा बटणांचा फोन आणि त्यांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. बाहेरच्या खोलीतल्या बोर्डावर दोनच सॉकेट असल्यामुळे रात्री चार्जिंगवरून रोज वाद होतो. दोन हजार रुपयांच्या आत बसेल आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना बरोबरही नेता येईल असा एकच चार्जर घ्यायचा आहे. एका दुकानदाराने ३३ वॅटचा दाखवला, दुसऱ्याने ६५ वॅटचा. एवढ्या मोठ्या चार्जरने सासूबाईंचा छोटा फोन जळणार तर नाही ना? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या घराला ४५ ते ६५ वॅटचा, दोन टाइप-सी (लहान, लंबगोल, कसाही लावला तरी बसणारा) आणि किमान एक यूएसबी-ए (जुना, रुंद, चौकोनी) पोर्ट असलेला चार्जर योग्य ठरेल, आणि तो आपण सांगितलेल्या रकमेत चांगल्या कंपनीचा, पावती व वॉरंटीसह मिळू शकतो. सासूबाईंच्या फोनची काळजी करू नये. चार्जर वीज ढकलत नाही. फोन जेवढी मागतो तेवढीच तो देतो. यूएसबीच्या कोणत्याही पोर्टवर फोनला सुरुवातीला ५ व्होल्टच मिळतात, आणि फोन व चार्जर यांचे आपसांत ठरल्यानंतरच ते ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत वाढतात. बटणांच्या फोनला ही बोलणी करताच येत नाहीत, त्यामुळे तो ५ व्होल्टवरच राहतो आणि सावकाश, सुरक्षितपणे भरतो.

आता निवडीकडे वळू. प्रथम घरातले कोणते उपकरण किती वॅट घेऊ शकते हे पाहावे, कारण त्याहून मोठ्या चार्जरचा त्या उपकरणाला काहीच उपयोग होत नाही. सॅमसंगचे बरेच फोन २५ वॅटपर्यंत घेतात, पण त्यासाठी चार्जरवर ‘पीपीएस’ ही सोय असावी लागते. या सोयीत फोन भरत असताना व्होल्टेज अगदी बारीक पायऱ्यांनी कमीजास्त करता येते आणि त्यामुळे फोन कमी तापतो. ती नसेल तर तोच फोन साधारण १५ वॅटच्या आसपास अडकतो, आणि ‘६५ वॅटचा चार्जर घेऊनही फोन हळू भरतो’ अशी तक्रार घेऊन लोक दुकानात परत जातात. आयफोनला पीपीएस लागत नाही. त्याला ‘पीडी’, म्हणजे पॉवर डिलिव्हरी हे सर्वमान्य मानक असलेला २० वॅटचा सी पोर्ट पुरतो. मुलीचा फोन आयफोन १५ किंवा त्यानंतरचा असेल तर केबलही दोन्ही टोकांना टाइप-सीच लागेल, कारण २०२३ पासून आयफोनला तोच पोर्ट आहे. त्याआधीचा असेल तर एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला लाइटनिंग अशी केबल घ्यावी लागेल.

खरी मेख पुढे आहे. चार्जरच्या खोक्यावर पुढच्या बाजूला जो ठळक आकडा छापतात तो बहुतेक वेळा सर्व पोर्टांची मिळून क्षमता असतो, किंवा एकच पोर्ट वापरला तर मिळणारी क्षमता असते. एकाच टाकीवर तीन नळ बसवावेत आणि तिन्ही एकदम सोडावेत, तसे हे आहे. माझ्यासमोर आत्ता ६५ वॅटचा, तीन पोर्टचा एक चार्जर आहे. पुढे ‘६५’ हा आकडा अंगठ्याएवढा आहे. मागच्या बाजूला मात्र काळ्या प्लॅस्टिकवर करड्या रंगात, उजेडाकडे तिरके धरल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत लिहिले आहे की, पहिला सी पोर्ट एकटा वापरल्यास ६५ वॅट. दोन्ही सी पोर्ट एकदम वापरल्यास ४५ आणि २०. आणि तिन्ही पोर्ट वापरल्यास पहिल्याला ४५ व उरलेल्या दोघांत मिळून ५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. ही तिसरी ओळ आपल्या घरासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रात्री आपले सगळे पोर्ट भरलेलेच असणार. दुकानात खोका हातात घेतल्यावर पुढचा आकडा वाचण्याआधी ही ओळ शोधावी आणि ती सापडत नसेल तर दुकानदाराला तसे विचारावे. ज्या चार्जरवर किंवा त्याच्या खोक्यावर ही वाटणी छापलेलीच नाही, तो मी घेणार नाही.

३३ वॅटचा जो चार्जर आपल्याला दाखवला, त्यात ही वाटणी बहुधा आणखी कमी होईल. तरीही तो टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ५००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास एवढी ऊर्जा मावते. वाटेत काही उष्णतेत जाते हे धरूनही ७-८ वॅट मिळाले तर ती रात्रभरात निवांत भरते. वेग लागतो तो सकाळी, शाळेला निघण्याआधीच्या अर्ध्या तासात, आणि त्या वेळी शक्यतो एकच फोन लावलेला असतो. शिवाय कितीही वेगवान चार्जर असला तरी बॅटरी निम्म्याहून अधिक भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करत जातो. म्हणून आपल्या गरजेला ४५ वॅट पुरेसे आहेत, ६५ वॅट असल्यास थोडी सवड राहते, आणि १०० वॅटसाठी जादा पैसे मोजण्याचे काही कारण मला दिसत नाही. चालू वॅट दाखवणारा छोटा पडदा, रंगीत दिवे, वेणीसारखी विणलेली केबल यांसाठीही नाही.

आता सगळे चार्जर फक्त टाइप-सीचे येऊ लागले असताना यूएसबी-ए पोर्ट मी मुद्दाम का सुचवतो, असे आपल्याला वाटेल. याचे कारण सासूबाईंच्या रक्तदाबाच्या यंत्रासारख्या वस्तूंमध्ये आहे. टाइप-सीच्या नियमाप्रमाणे चार्जिंग घेणाऱ्या उपकरणाने आपल्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारे बारीक भाग, बसवायचे असतात. ते दिसले तरच चार्जरचा सी पोर्ट वीज सोडतो. स्वस्त इअरबड्स, ट्रिमर, विजेऱ्या, मच्छर मारण्याच्या रॅकेट अशा अनेक वस्तूंत पोर्ट टाइप-सीचा असतो, पण पैसे वाचवण्यासाठी हे रेझिस्टर वगळलेले असतात. अशी वस्तू दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने लावली की ढिम्म हलत नाही, आणि लोकांना वाटते की चार्जर बिघडला. तीच वस्तू यूएसबी-ए पोर्टवर जुन्या केबलने लावली की चालते, कारण ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. बटणांच्या फोनच्या मायक्रो-यूएसबी केबललाही हाच पोर्ट लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर घाबरायला होणार नाही. एक फोन लावलेला असताना दुसरा लावला किंवा काढला की पहिल्याचे चार्जिंग क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू होते. चार्जर नव्याने वाटणी करत असतो. तो दोष नव्हे.

रेल्वेच्या प्रवासासाठी चार्जरवरची ‘इनपुट’ ही ओळ वाचावी. गाडीच्या डब्यातल्या सॉकेटला सहसा घरासारखे २३० व्होल्ट नसतात, ११० व्होल्ट असतात. ‘१००–२४० व्होल्ट’ असे लिहिलेला चार्जर तेथे बिनदिक्कत चालतो. डब्यातली सॉकेट वापरून वापरून सैल झालेली असतात आणि जड चार्जर गाडीच्या हादऱ्यांनी त्यांतून खाली येतो; पिन अर्धवट बाहेर राहून ठिणग्या उडणे हे न लागण्यापेक्षा वाईट. म्हणून प्रवासाचा विचार असेल तर आकाराने लहान, भिंतीलगत बसणारा चार्जर घ्यावा. येथे ‘गॅन’, म्हणजे गॅलियम नायट्राइड वापरलेल्या चार्जरला थोडे अधिक पैसे देणे मला पटते. सिलिकॉनपेक्षा हे द्रव्य वीज कितीतरी वेगाने चालू-बंद करू शकते, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि उष्णतेत वाया जाणारी वीजही कमी होते. ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळाले, ती याच गॅलियम नायट्राइडपासून तयार झाली होती. मात्र चार्जर फक्त घरीच ठेवायचा असता तर गॅनचा आग्रह मी धरला नसता.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात राहून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. माझा लॅपटॉप ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर चालतो आणि फोनसोबत ८० वॅटचा कंपनीचा चार्जर आला होता. दर आठवड्याला विट्याला घरी जाताना दोन्ही चार्जर वाहून नेण्याचा कंटाळा येतो. ६५ वॅटचा एक गॅन चार्जर घेतला तर दोन्हींचे काम होईल का? मित्राच्या तसल्या चार्जरवर माझा फोन फारच हळू भरला. — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : काम होईल, पण दोन्ही एकदम पूर्ण वेगाने भरतील अशी अपेक्षा ठेवू नये.

फोनचे आधी पाहू. वनप्लस, ओप्पो, रियलमी, विवो, शाओमी अशा कंपन्यांच्या वेगवान चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. ८० वॅट मिळवण्यासाठी त्यांचाच चार्जर आणि बहुधा त्यांचीच केबल लागते, कारण फोन चार्जरकडून व केबलकडून विशिष्ट ओळख मागतो आणि ती पटली तरच एवढा प्रवाह घेतो. अनोळखी चार्जरवर तो सर्वमान्य पीडी किंवा पीपीएस मानकावर उतरतो, आणि तेथे किती वॅट घ्यायचे हे मॉडेलनुसार बदलते. काही फोन १० ते १८ वॅटवरच थांबतात, तर अलीकडचे काही पीपीएसवर तीस वॅटच्या पुढेही जातात. मित्राच्या चार्जरमध्ये दोष नव्हता. आपल्या फोनच्या माहितीपत्रकात पीडी व पीपीएसचा वेगळा उल्लेख आहे का ते पाहावे. तेथे आकडा दिला असेल तर आपल्याला नव्या चार्जरवर तेवढाच वेग मिळेल.

लॅपटॉपच्या बाबतीत गणित असे : आपण फोनही लावला की ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला बहुधा ४५ वॅट उरतात. टिपणे लिहिणे, व्याख्याने पाहणे, इंटरनेट वापरणे यांसाठी तेवढे पुरते आणि बॅटरीही हळूहळू भरत राहते. मोठा प्रोग्रॅम चालवला किंवा त्रिमितीय आराखड्याचे सॉफ्टवेअर उघडले, तर मात्र चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरताना दिसेल. म्हणून आपल्याला मी ६५ ऐवजी १०० वॅटचा चार्जर सुचवला असता. पण त्याची किंमत व वजन दोन्ही वाढते, आणि तेवढ्या पैशांत रूमवर जुने दोन्ही चार्जर कायम ठेवून बॅगेत ६५ वॅटचा एक ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विट्याच्या घरी रात्री आधी लॅपटॉप आणि मग फोन असे लावले तर अडचण येऊ नये.

केबलकडे मात्र दुर्लक्ष करू नका. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. आपल्या लॅपटॉपच्या चार्जरवर पाहिले तर ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असे लिहिलेले आढळेल. हे वरचे पाव अँपिअर मिळवण्यासाठीसुद्धा ५ अँपिअरची, जिच्यात ‘ई-मार्कर’ नावाची बारीकशी चिप असते अशी केबल लागते. तिच्या पाकिटावर १०० किंवा २४० वॅट असे छापलेले असते. चिप नसलेली केबल लावली तर चार्जर आपण होऊन ६० वॅटवर थांबतो. काही लॅपटॉप कमी वॅटचा चार्जर दिसताच ‘स्लो चार्जर’ अशी सूचना देतात, ती यामुळेही असू शकते.

ज्या वाचकांच्या लॅपटॉपला गोल पिनेचा चार्जर आहे, त्यांनी टाइप-सी पोर्ट दिसतो म्हणून तो चार्जिंगला चालेलच असे गृहीत धरू नये. पोर्टशेजारी बॅटरीचे, प्लगचे किंवा पीडीचे चिन्ह असेल, किंवा माहितीपत्रकात तसा स्पष्ट उल्लेख असेल, तरच तो चार्जिंग घेतो. खेळांसाठीच्या मोठ्या लॅपटॉपना दीडशे-दोनशे वॅट लागतात. त्यांचा मूळ चार्जर बरोबर नेण्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्याकडे आठवडे बाजारात चार पोर्टचा चार्जर दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. त्यावर ‘फास्ट चार्जर’ असेही लिहिलेले असते. काम तर तोही करतो. मग हजार रुपये जास्त घालण्यात नेमके काय मिळते? — एक शेतकरी, तासगाव तालुका

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर चार्जरच्या आत आहे. 

आधी वेगाचे सांगतो. अशा चार्जरवर पुष्कळदा ‘५ व्होल्ट, ३.१ अँपिअर’ असे छापलेले असते. गुणाकार केला तर साडेपंधरा वॅट होतात, आणि तेही चारही पोर्टांत मिळून. चार फोन लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार वॅटसुद्धा येत नाहीत. शिवाय छापलेला आकडा खरा असेलच असेही नाही. एवढ्यावर भागत असेल तर वेगाची तक्रार करण्याचे कारण नाही, पण सुरक्षिततेची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात मी तडजोड सुचवणार नाही.

बंद पडलेला एक चांगला आणि एक बाजारी चार्जर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून पाहावेत. (सॉकेटमधून नुकताच काढलेला चार्जर मात्र कोणीही उघडू नये, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते.) घरातले २३० व्होल्ट आत शिरल्यावर त्यांचे सुमारे ३२५ व्होल्टचे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, होतात. आतल्या छोट्या हिरव्या पाटीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, अर्ध्या भागावर हे ३२५ व्होल्ट आणि उरलेल्या अर्ध्या भागावर आपल्या हातात येणारे ५ व्होल्ट अशी ही रचना असते. चांगल्या चार्जरमध्ये या दोन भागांमध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी असते, आणि कित्येकदा ती पाटी तेथे आरपार कापून फट ठेवलेली असते. ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे थर दिसतात आणि ५ व्होल्टच्या बाजूची तार तिहेरी आवरणाची असते. दोन्ही भागांना जोडणारा निळा, चपटा कपॅसिटर ‘वाय’ वर्गाचा असतो, म्हणजे तो निकामी झाला तरी त्यातून वीज आरपार जाणार नाही अशा बेताने बनवलेला असतो. बाजारी चार्जरमध्ये ती मोकळी पट्टी मिलिमीटरभर राहते, टेपचा एखादाच वेढा असतो, वाय कपॅसिटरच्या जागी कोणताही साधा कपॅसिटर असतो आणि फ्यूजचा पत्ता नसतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत किंवा व्होल्टेज एकाएकी चढल्यावर त्या मिलिमीटरभर जागेतून वीज पलीकडे उडी मारते. तशी ती गेली तर केबलच्या धातूच्या टोकावर आणि चार्जिंगला लावलेल्या फोनवर थेट घरातली वीज येते. शेतातल्या वस्तीवर, जेथे व्होल्टेज सारखे वर-खाली होते आणि अर्थिंगची खात्री नसते, तेथे हा धोका अधिक आहे. जास्तीच्या पैशांतला मोठा भाग या पट्टीसाठी, टेपसाठी आणि फ्यूजसाठी जातो.

चार्जर न उघडता पारख करायची तर मागच्या बाजूला भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. चार्जर हे सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. चिन्हासोबत ‘आयएस १३२५२’ किंवा नव्या मालावर ‘आयएस/आयईसी ६२३६८’ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक असावा लागतो. चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप फोनवर घेऊन त्यात हा आर-क्रमांक टाकला की तो कोणत्या कारखान्याला, कोणत्या ब्रँडसाठी आणि कोणत्या वस्तूसाठी दिला आहे हे दिसते. हातातल्या चार्जरवरचे नाव आणि ॲपमधले नाव जुळले पाहिजे. क्रमांक एखाद्या भलत्याच वस्तूचा निघाला तर तो चार्जर तेथेच परत करावा. हे काम दुकानात उभ्या उभ्या होते आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही. पक्की पावती घ्यावी. पुढे तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण पावतीशिवाय तेथे बाजू लंगडी पडते.

आज आपल्या घरी असा चार्जर असेलच, तर निदान तो लावलेला असताना फोनवर बोलू नये आणि लहान मुलांच्या हाती तो फोन देऊ नये. पिनांवर तपकिरी डाग, जळका वास, हात ठेवता येणार नाही इतकी उष्णता, यांपैकी काहीही दिसले तर तो वापरातून काढावा. चार्जरमध्ये एकदा पुराचे किंवा छपरातून गळलेले पाणी शिरले असेल, तर वाळवून पुन्हा लावण्याचा मोह टाळावा. आत राहिलेला गाळ पुढे ओल धरतो.

प्रश्न : चार्जर सॉकेटमध्ये कायम लावून ठेवला तर वीजबिल वाढते का? — कराड

उत्तर : नावापुरते. काहीही न लावलेला चांगला चार्जर साधारण दशांश वॅट वीज घेतो; बटण वर्षभर चालू ठेवले तरी एक युनिट होत नाही. फोन रोज एकदा पूर्ण भरला तरी महिन्याला युनिटभराच्या आतच काम भागते. बटण बंद करण्याची सवय चांगली आहे, पण तिचे कारण बिल नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो तेव्हा केवळ बटण बंद करून भागत नाही. चार्जर सॉकेटमधून उपसून ठेवावा.

प्रश्न : मुलगा शिकायला जर्मनीला चालला आहे. त्याच्यासाठी येथूनच चार्जर घ्यावा की तिकडे? — ईश्वरपूर (इस्लामपूर)

उत्तर : येथूनच घेतला तरी चालेल. इनपुटवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर वीज कोणत्याही देशाची चालते. बदलते ती फक्त पिन. आपल्याकडच्या चार्जरची दोन बारीक गोल पिनांची जोडी जर्मनीतल्या सॉकेटमध्ये सहसा बसते. इंग्लंडला तीन चौकोनी आणि अमेरिकेला दोन चपट्या पिना लागतात, तेथे पिन बदलणारा छोटा ॲडॉप्टर लागेल. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचे झाले आहे, त्यामुळे त्याच्याकडे सी पोर्टचा चार्जर असला म्हणजे तेथे केबलची अडचण येणार नाही. पॉवर बँक देत असाल तर ती विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते; चार्जर कोणत्याही बॅगेत चालतो.

प्रश्न : आमची दिंडी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर असते. मुक्कामाला जनरेटर असतो आणि तंबूत तीस-चाळीस फोन एकाच वेळी चार्जिंगला लागतात. एका बोर्डाला दुसरा, त्याला तिसरा अशी जोडाजोड करावी लागते. लोणंद-फलटणच्या टप्प्यात पाऊस असला की भीती वाटते. काय करावे? — फलटण तालुका

उत्तर : आपली भीती योग्य जागी आहे, पण ती विजेच्या भाराबद्दल असण्याचे कारण नाही. चाळीस फोन म्हणजे सुमारे ८०० वॅट-तास. नुकसान धरून हजारभर समजू. पाच-सहा तासांत ते भरायचे तर जेमतेम २०० वॅट लागतात, म्हणजे घरातल्या तीन पंख्यांएवढे. धोका आहे तो चाळीस स्वस्त चार्जर, सैल सॉकेट आणि ओली जमीन एकत्र येण्यात.

म्हणून दिंडीच्या खर्चातून आठ ते दहा पोर्टचे, स्वतंत्र वायर असलेले चार-पाच चार्जर एकदाच घ्यावेत. प्रत्येकी ६० ते १०० वॅटचा असला तरी पुरे. येथे वेगवान पोर्टांची गरज नाही, प्रत्येक पोर्टवर ५ व्होल्ट आणि एक-दीड अँपिअर टिकून मिळणे महत्त्वाचे. सर्व चार्जर एकाच चांगल्या, तीन पिनेच्या, फ्यूज किंवा कटआउट असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत आणि बोर्डाला बोर्ड जोडणे बंद करावे. हा बोर्ड जमिनीवर न ठेवता ट्रकच्या हौद्यात किंवा लोखंडी नसलेल्या टेबलावर, छताच्या गळतीपासून दूर ठेवावा, आणि जनरेटरपासून येणाऱ्या वायरवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर वायरमनकडून बसवून घ्यावा. ओल्या हाताने कोणी चुकून वायरला स्पर्श केला तर जीव वाचवणारी वस्तू ती हीच आहे, आणि खर्चात काटकसर करायची झाल्यास ती पोर्टांच्या संख्येत करावी, येथे नाही.

छोट्या जनरेटरचे व्होल्टेज सुरू होताना आणि बंद होताना हेलकावे खाते, म्हणून तो सुरू होऊन मिनिटभर स्थिर चालल्यावर बोर्डाचे बटण लावावे आणि बंद करण्यापूर्वी ते आधी काढावे. हे काम तंबूतल्या एकाच माणसाकडे सोपवावे. प्रत्येक फोनवर नावाची चिकटपट्टी लावली तर पहाटे निघताना शोधाशोधही होणार नाही. चालताना वापरण्यासाठी पॉवर बँक घेणार असाल, तर २०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात दोन-अडीच फोनच भरते, हे लक्षात घेऊन त्यांची संख्या ठरवावी.